डबीतल्या पंधरा गोळ्या

ता. ५

चि. सूनबाईस अ. आ.

सुखरूप पोचले. प्रवासभर शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावर घोरत होते. गुडघ्यांच्या जोडीला आता खांदाही दुखतोय. माझी गोळ्यांची डबी तुमच्याकडे उशाशीच राहिली. तुला ते ठाऊकच आहे म्हणा. काल फोनवर डबीत नेमक्या किती गोळ्या होत्या विचारलंस, मी पंधरा म्हटलं आणि तू फोन ठेवूनच दिलास! सासूच्या गोळ्या मोजणारी सून पहिल्यांदाच पाहिली. आवाजही बसलेला वाटला. गळा जप.

चिमणीचे पापे घे. नातीवाचून घर खायला उठतं. लोभ असू दे.

तुझी आई

ता. ९

ती. आईंना सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: चिमणी बरी आहे. आत्ता मांडीवर बसून माझं पेन ओढतेय.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती तुमच्या पलंगावर डबी घेऊन बसलेली सापडली. आत आठच गोळ्या. ती खुशाल खेळत होती, म्हणून तुमचे चिरंजीव म्हणाले, दुखण्यावरची साधी पॅरासिटामॉल ती, संध्याकाळपर्यंत बघू. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिला उचललं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच गोळीनं एवढ्याशा लेकराचं यकृत निकामी होऊ शकतं, आणि सुरुवातीला वरून काहीच दिसत नाही. दिसायची वाट बघितली असती तर उशीर झाला असता. किती खाल्ल्या ते त्यांना लगेच हवं होतं, म्हणून तो फोन. मग रक्त तपासून सलाइनमधून उतारा दिला. काल घरी सोडलं. यकृत ठीक आहे.

गोळी घेताना तुम्ही गमतीनं आजीचा खाऊ म्हणायचात ना? का खाल्लास विचारलं, तर म्हणाली, आजी गेली म्हणून. मी तिथेच रडले. डबी उचलून ठेवायला मीही चुकलेच.

तुम्हाला कळवू नको असं तुमचे चिरंजीव म्हणत होते, पण मला राहवलं नाही. आता यायचं थांबवलंत तर बोलणार नाही तुमच्याशी. माया आहे तशीच ठेवा.

तुमची सूनबाई

ता. १३

चि. सूनबाईस अ. आ.

पत्र वाचलं. पुन्हा तुमच्याकडे पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं, तसं लिहिलंही, आणि फाडलं. पोरीला माझी आठवण आली की ती काय शोधेल, या विचारानं फाडलं.

चिरंजीवांचं ऐकून तू गप्प बसली असतीस, तर पुढल्या खेपेला मी डबी तश्शीच उशाशी ठेवली असती, गोळीला तस्संच खाऊ म्हटलं असतं. तू सांगितलंस, म्हणून मला येता येतंय.

रविवारी पोचते. दारातच माझी पर्स मागून घे आणि औषधं कुलपात टाक. सासूकडे कशी मागू म्हणून लाजू नकोस. नाही मागितलीस, तर मी आल्या पावली परत जाईन.

तुझीच,
आई