पुलावरून आलेलं आभाळ

३ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

टूं-टूं-किर्रर्र-घुंईंऽग! आठवतो का गं तो आवाज? टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट घरात शिरायचं तेव्हाचा. तुझी आजी म्हणायची, यांनी पत्र्याच्या बादलीत कावळा कोंडलाय. आणि मग तासभर फोन अडवल्याबद्दल माझी हजेरी घ्यायची. आज पहाटे अर्धवट झोपेत तोच कावळा ओरडला आणि वाटलं, आता माझं पान उघडणार. निळं आभाळ, पिवळी ठसठशीत अक्षरं, डावीकडून उजवीकडे रमतगमत जाणारा ढग.

वेधशाळेत छत्तीस वर्षं ढग मोजले. निवृत्तीनंतर मान आपोआप वर जायची, म्हणून रोज 'आजचं आभाळ' लिहू लागलो. आभाळाचे आठ भाग धरले तर किती भाग ढगांचे, वारा कुठला, आणि खाली कवितेची एक ओळ. तू पंचवीस मार्चला ते पान नवं केलंस. गोरंपान झालंय, देखणं आहे, खोटं कशाला बोलू? पण बँकेचं पान, दवाखान्याचं पान आणि माझं पान आता सख्ख्या बहिणी वाटतात. परवा तर दवाखान्याच्याच पानावर 'आठात तीन, वारा मंद' असं लिहून बसलो होतो!

एक काळजी मात्र आहे. पानाखालच्या अभिप्रायाच्या वहीत गेली एकोणीस वर्षं एक गृहस्थ रोज लिहायचे. नाव-गाव माहीत नाही, सही फक्त 'पुलावरून'. होड्या आल्या की पूल वर उचलायचं त्यांचं काम. आज पूल किती वेळा उचलला, तिथलं आभाळ कसं, आणि माझ्या ओळीला जोडून दुसरी ओळ, एवढंच लिहायचे. चोवीस मार्चला मी लिहिलं होतं,

आभाळी वाळती ढगांची धुणी,

त्याला आज दहा दिवस झाले, जोड नाही. ती ओळ बिचारी एका पायावर उभी आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आजोबा

९ एप्रिल

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण तुमच्या हट्टापायी ऑफिसात पोस्टाची तिकिटं ठेवणारी मी एकटीच.

सख्ख्या बहिणींचं कारण सांगते. बड्या इंटरनेट कंपन्या नियमांची पुस्तकंच काढतात. बटण केवढं, कोपरा किती गोल, अक्षर कुठलं. आणि ती फुकट वाटतात. लोक दिवसभर त्यांच्याच पानांवर असतात, त्यांची बोटं तिथेच शिकतात. मग आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, तसंच करा. वर शोधायला गेलं की कुणाचं पान आधी दिसावं, हेही त्यांच्याच हातात. त्यांनी अक्षरं करडी केली तेव्हा आम्ही महिन्याभरात चाळीस पानं करडी केली. पुढच्या वर्षी त्यांनी ठळक केली, आम्ही पुन्हा कामाला! साहेब म्हणतात, वेगळेपणा हवा असेल तर घरी भिंत रंगवा.

तुमचं पानही मी तसंच केलं, ते खाली ढकललं जाऊ नये म्हणून. ढगही मीच काढून टाकला. आता असं काही कुणी हलतं ठेवत नाही हो. पुलावरचे काका कुठेतरी सुटीवर गेले असतील. गोळ्या वेळेवर घ्या.

रागवा हवं तर, पण लाडात काटछाट नको.

तुमची,
खार

१८ एप्रिल

चि. खारूस,
आशीर्वाद. वि. वि.

आमच्या शाळेत कवितेचे एक मास्तर होते. सगळ्या कविता एकाच चालीत म्हणून घ्यायचे. पाळणा असो, लढाई असो की आईचा विरह, चाल तीच, डोलणं तेच. का, तर शहरातल्या मोठ्या शाळेत तीच चाल होती आणि तपासणीला येणारे साहेब तिच्यावर खूश असत. मास्तर वाईट नव्हते. आम्हालाही सोपं पडायचं. पण कुठली कविता रडवणारी होती, हे मला पुढे एकट्याने मनात वाचताना कळलं. तुझं पत्र वाचून तो वर्ग दिसला. बाकांवर ऊन पडलेलं, आणि आम्ही चाळीस जण एकसारखे डुलणारे.

सुटीचं म्हणशील तर या वयात कुणी न सांगता इतके दिवस सुटीवर जात नाही. गेले असतील, तर मला कळणार कसं? एकोणीस वर्षांच्या सोबत्यासाठी दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी पाकिटावर घालायला पत्ता नाही.

आणखी एक. मी आपल्या पानात मागच्या दाराने शिरतो, तू दिलेल्या परवलीच्या शब्दाच्या किल्लीने. काल शेजारणीच्या मोबाइलवर पुढच्या दाराने पाहिलं, तर वही दिसेना. कोपऱ्यात एकाखाली एक तीन आडव्या रेघा मात्र आहेत. आमच्या वेधशाळेच्या नकाशात ती धुक्याची खूण. आपल्याकडे तर लख्ख ऊन आहे. मग ती कशाला?

लोभ ओला राहू दे.

आजोबा

२६ एप्रिल

ती. आजोबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. ते धुकं मीच पसरलंय. त्या तीन रेघांवर बोट ठेवलं की यादी उघडते. बड्यांच्या पानांवर असते तशी. वही मी त्या यादीत ठेवली. शिवाय लिहायचं तर आधी बड्या कंपनीचं खातं हवं, अशी अटही घातली. सगळेच घालतात म्हणून. पुलावरच्या काकांकडे खातं असेल का, हा विचार माझ्या मनालासुद्धा शिवला नाही. बड्यांचा यात काय दोष? कुणी माझा हात धरला नव्हता.

आज साहेबांचं न ऐकता वही वर आणली. पिवळी, ठसठशीत, बिनखात्याची. ढगाला मात्र चार दिवस लागतील. पण आजोबा, उशीर झाला असेल तर?

तुमच्या मायेची आज जरा जास्तच गरज आहे.

खार

५ मे

चि. खारूस,
आशीर्वाद.

रडू नकोस. नऊ दिवस वही उघडून पाहतोय, कोरीच आहे. मी मनाची समजूत घातली आहे. ढग गेला म्हणून आभाळावर कुणी रागवत नाही. आज त्या ओळीखाली मीच दुसरी ओळ लिहून मोकळा होणार होतो, पण जुळेना. इतक्या वर्षांत माझी सवय पहिल्याच ओळीची. थांब, बेल वाजली. दूधवाला असेल.

दूधवाला नव्हता. खारू, दारात पिकल्या केसांच्या एक उंच बाई उभ्या होत्या. काखेत जाड वही, हातात भिंग. म्हणाल्या, लिहिता लख्ख ऊन आणि कोपऱ्यात रोज तुमच्याकडूनच शिकलेली धुक्याची खूण, शिवाय मला लिहायला जागा नाही. महिनाभर पाहिलं आणि पान उघडणंच सोडलं. इतके दिवस कुठल्याच गावात धुकं राहत नाही, माणसालाच काहीतरी झालं असणार, म्हणून पूल दुसऱ्याच्या हाती सोपवून निघाले. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तुझ्या ऑफिसचा पत्ता होता, तो भिंगाने वाचला. काल तू रजेवर होतीस, तिथल्या मुलीने 'आजचं आभाळ'चं नाव ऐकून इथला पत्ता दिला. मी एकोणीस वर्षं त्यांना गृहस्थ समजत होतो, हे कुणाला सांगू नकोस.

मला धडधाकट पाहून आधी त्या चिडल्या, मग उंबऱ्यातच वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. तारीख पंचवीस मार्च. पूल तीनदा. आठात दोन. आणि खाली,

सांजेला घडी ती घातली कुणी?

चहा उकळतोय. अजून चाळीस दिवसांचं आभाळ वाचायचं आहे. ढग सावकाश कर, घाई नाही. लोभ आहेच, आज जरा उतू गेलाय, सांभाळून घे.

तुझा,
आजोबा