ह्यांची बावीस पावलं

११ जानेवारी २०२६, रविवार
सकाळी मैदानात खणायला सुरुवात झाली. आमच्या मानखुर्दच्या कॉलनीला येत्या २६ तारखेला पन्नास वर्षं होतात. पंचविसाव्या वर्षी प्रत्येक घराने चिठ्ठी लिहून एका लोखंडी पेटीत टाकली होती, पन्नासाव्या वर्षी उघडायची म्हणून. तेव्हा हे सेक्रेटरी, पेटी पुरली ह्यांनीच. जुन्या फाईलमध्ये ह्यांच्या अक्षरात एवढंच आहे — झेंड्याच्या खांबापासून विहारामागच्या पिंपळाकडे बावीस पावलं. आताचा सेक्रेटरी यज्ञेश बावीस पावलं चालला. कमरेइतकं खणलं. काही नाही.

हे असते तर बोट दाखवून मोकळे झाले असते. जाऊन आठ महिने झाले.

१४ जानेवारी
तळमजल्यावरचा किरण सगळ्यांसमोर म्हणाला, काकांनी पेटी भंगारात तर नाही ना घातली? सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

आमच्याकडच्या लग्नाला कॉलनीच्या खुर्च्या घेतल्या होत्या, त्या ह्यांनी एकेक पुसून परत केल्या. अशा माणसाबद्दल हे!

१७ जानेवारी
आज एक सुचलं. यज्ञेश सहा फुटी. ह्यांची पावलं लहान. मी ह्यांच्याहून चार बोटं उंच, लांब टांगा टाकायची सवय. रोज संध्याकाळी मैदानात फेऱ्या मारायचो तेव्हा म्हणायचे, "अगं, मागे कुत्रं लागलंय का?" मग मी पाऊल आखूड करायची. चाळीस वर्षं केलं. ह्यांची चाल माझ्या पायांना पाठ आहे.

यज्ञेशला सांगितलं. म्हणाला, काकू, मग तुम्हीच चाला ना.

चालले. डावा पाय जरा बाहेर टाकत, अगदी तसंच. पोरं बघत होती, पण लाज नाही वाटली. बाविसाव्या पावलाला थांबले तेव्हा हे बाजूला उभे आहेत असं वाटलं.

१८ जानेवारी
तिथे पाण्याचा जुना पाईप निघाला.

२२ जानेवारी
यज्ञेश वर आला. चहा नको म्हणाला, मग घेतला. परवा मैदानात मांडव घालणार, त्यामुळे खणणं बंद. पेटी सापडली नाही असं २६ ला माईकवर सांगावं लागेल. काकांचं नाव घेणार नाही म्हणाला.

पोरगा चांगला आहे. पण नाव न घेऊन काय होणार? फाईलमध्ये सही आहे.

२५ जानेवारी, रविवार
बाळ भावजी नाशिकहून आले, लेकीकडे होते. ह्यांचे जुने दोस्त. पेटीसाठी खड्डा त्यांनीच खणला होता, पण फोनवर विचारलं तेव्हा जागा आठवत नव्हती. मी ह्यांच्या चालीने चालून दाखवलं आणि पाईप निघाला, ते सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, धोंडिरामच्या दोन्ही हातांत पेटी होती. पायाखालचं दिसत तरी होतं का त्याला? पुढं तुम्ही चालत होतात. मोठ्यानं मोजत."

मला काही केल्या आठवेना. ते गेल्यावर भांडी घासताना आठवलं. अकरा म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं. हे घामाघूम. म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? मोज."

चाळीस वर्षं मी सांगत आले, मी ह्यांच्या चालीने चालते म्हणून. त्या दिवशी हे माझ्या मागून आले, आणि मी मोजलं तेच फाईलमध्ये लिहिलं.

२६ जानेवारी
उजाडताच खाली गेले. मांडवात कोणी नव्हतं. पदर खोचला आणि खांबापासून माझ्या नेहमीच्या चालीने बावीस पावलं चालले. मांडववाल्यांची पहार भिंतीशी होती. सहाव्या घावाला लोखंड वाजलं. हाताने माती सारली, पेटीचा कोपरा दिसला. मग पहार जागेवर ठेवली, हात धुतले आणि यज्ञेश उठायच्या आत दूध घेऊन आले. त्याला चहाला बोलावून सांगणार, पेटी सापडली, आता माईकवर काकांचं नाव घे.