सगळ्यांना सारखं औषध

आई, तुझ्या तांबड्या गाईच्या वंशातली शेवटची कालवड गेल्या आठवड्यात गेली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गोठ्यात काही बरंवाईट झालं की आधी तुलाच सांगावंसं वाटतं. दुसऱ्या कुणाला सांगू? दहिसरमध्ये आता कालवडीसाठी रडणाऱ्या बाईकडे लोक गॅलरीतून बघतात आणि मेलेलं जनावर उचलायला गाडी कधी येणार, एवढंच विचारतात.

दिवाळीच्या पाडव्याला तू गुरांना आंघोळ घालायचीस, शिंगांना गेरू लावायचीस आणि ओवाळून झालं की जंताच्या औषधाची बाटली काढायचीस. अजून डोळ्यांसमोर आहे, मी कालवडींची तोंडं वर धरून उभी आहे, तू चहाच्या कपाने माप घेते आहेस. नुकती चरायला लागलेली असो नाहीतर गाभण राहायला आलेली, प्रत्येकीला तेवढाच कप. मी एकदा म्हटलं, "अगं, ही केवढी, ती केवढी! मोठीला जास्त नको?" तर तू डाफरलीस, "दुजाभाव माझ्या घरात चलाचो नाय. तुमका भावंडांक कधी कमीजास्त वाढलंय मी?" कधीच नाही. एकच बांगडा असला तरी तू त्याचे सारखे तुकडे करायचीस आणि स्वतः डोकं घ्यायचीस. मी पुढची कालवड धरली.

तुझ्यामागे मीही तेच करत आले. तोच पाडवा, तेच औषध, तेवढाच कप, आपल्या कालवडीला आणि शेजाऱ्यांच्या सांभाळायला घेतलेल्या मोठ्या कालवडींनाही. या पावसाळ्यात आपली कालवड पहिल्यांदाच नदीकाठी चरायला जाऊ लागली आणि खंगायलाच लागली. केस राठ झाले, शेण पाण्यासारखं, जबड्याखाली सूज. मी कपभर औषध पाजलं, चार दिवसांनी पुन्हा पाजलं. काही उपयोग नाही. शेवटी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी शेण तपासायला नेलं, त्यात जंतांची अंडीच अंडी निघाली. औषध किती देता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कप दाखवला.

"मोठ्या कालवडींना पण एवढंच देता? अहो ताई, औषध वजनावर द्यायचं असतं. कमी पडलं ना, की जे जंत वाचतात ते त्या औषधाला दाद देत नाहीत. त्यांचीच अंडी शेणातून गवतावर जातात. मग लहान जनावर चरायला गेलं की वाट लागली त्याची."

दंव सुकल्याशिवाय वासरं सोडायची नाहीत, ही तुझी शिस्त मात्र मी मोडली नव्हती. ते चांगलं केलंत, डॉक्टरबाई म्हणाल्या, ओल्या पात्यांवर जंतांची पिल्लं वर चढून बसतात. त्यांनी दुसरं औषध दिलं, पण तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. भर दुपारी माझ्या मांडीवर मान टाकली तिने. मी ओक्साबोक्शी रडले, तू गेलीस तेव्हा रडले नव्हते तेवढी.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "कपाने द्यायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. माझंच डोकं," मी म्हटलं. तुला कुणी अडाणी म्हटलेलं मला ऐकवलं नसतं. पण आई, मला तुझा रागही आला गं. त्या दिवशी तुझ्या फोटोला हार घालवेना.

आता शेजाऱ्यांच्या गाईंच्या त्या दोन कालवडीच उरल्यात माझ्याकडे सांभाळायला. आता टेपने छातीचा घेर मोजते, त्यावरून वजन काढते आणि प्रत्येकीला तिचं तिचं माप देते. यंदा गुरं फिरकली नाहीत अशा वरच्या उतारावर त्यांना नेते. धाकटीच्या तोंडात कमी औषध ओतताना मात्र हात अडखळतो, तू मागे उभी राहून बघते आहेस असं वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिलं. तुझा पत्ता असता, तर कालवड मजेत आहे, यंदा गाभण राहील, असंच कळवलं असतं.