वाळूचं मैदान, गवताचं मैदान

उत्तन,
२० नोव्हेंबर १९३८

प्रिय ज्युलियस,

तुझं पत्र सोमवारी आलं. आईला दोनदा वाचून दाखवलं आणि मग तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं, म्हणजे रोज भात टाकताना हाताला लागावं. सहा दिवस लागतंय. उत्तर मात्र हातून होईना. तू पण कमालच केलीस हां, गाढवा! इथला जुना क्लब परत बोलावतोय, तिथला नवा क्लब कायम करतोय, दोघांनाही नाताळाच्या आत उत्तर पाहिजे, आणि बाय, तू सांगशील तिथे मी राहीन. एवढं चार ओळींत लिहून तू मोकळा झालास. मोठी बहीण म्हणजे काय कोर्टातला जज्ज आहे का रे? मी उत्तन सोडून भाईंदरच्या स्टेशनापलीकडे किती वेळा गेले असेन, सांग बघू.

तुझ्या नव्या मैदानाचा पेपरातला फोटो मी देवळीपाशी टाचून ठेवलाय. पाहुणे आधी क्रूसाला नमस्कार करतात आणि मग विचारतात, हे कुठलं ग? मी सांगते, आमचा ज्युलियस तिथे गवत राखतो. गोल्फचे अठरा होल, विलायतेहून साहेब आणून आखून घेतलंय, महाराजे येतात खेळायला. सगळे माना डोलावतात. फोटो काळापांढरा, पण मला तो हिरवाच दिसतो. तीनचारदा स्वप्नातही आला. मी अनवाणी त्या गवतावरून चाललेय, गवत गार आहे, पुढे टेकडी, टेकडीमागे आणखी गवत, कुठे संपतच नाही. मागे वळून बघते तर माझ्या पावलाचा एकही ठसा नाही. भीती नाही वाटली. फक्त वाटलं, इथून मी गेले हे कुणाला कळणार कसं?

तिथे तू पहिल्याच आठवड्यात काय दिवा लावलास ते आठवून आम्ही अजून हसतो. बाबांनी शिकवलं तसं सकाळी उठून शिस्तीत त्या मखमली गवतावर तेल शिंपडलंस! होल म्हटला की भोवती तेल घालायचंच, ही आपल्या घरची समजूत. गवत जळून तिथे परातीएवढा काळा डाग पडला, आणि तू तो लपवायला त्यावर टोपली पालथी घालून उभा राहिलास. आई म्हणते, माजा पोर खोटा बोलनारा न्हाय, त्याला टोपली पन नीट धरता आली नसल. तरी त्यांनी तुला घालवलं नाही. तुमच्या हेडमाळ्याने हात धरून गवत शिकवलं, पाणी किती, कापायचं कधी. आता तोच म्हातारा तुला सोडायला तयार नाही. हे काही लहान नाही, ज्युलियस. मनात जपून ठेव.

आणि इकडे आपलं मैदान. नऊच होल, देवळाच्या उतारापासून खाली दर्यापर्यंत. पन्नास वर्षं झाली असतील, कुणा गोऱ्याला इथली हवा मानवली आणि त्याने आखून टाकलं. गवताला गोडं पाणी कुठून आणणार, म्हणून होलभोवती तेल घालून दाबलेली वाळू. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणतात, आपण खळं म्हणतो. पहिल्या खळ्याला अजून बोंबील वाळवायचे बांबू लागूनच आहेत. बॉल बोंबलांत गेला तर उचलून बाहेर ठेवायचा, त्याचा दंड नाही; पण बोंबील खाली पडले तर खेळणाऱ्याने स्वतः उचलून परत टांगायचे. गेल्या महिन्यात एका नव्या साहेबाने काठीने ढकलले, तर आई कोयता घेऊनच बाहेर आली. माणूस टोपी काढून बोंबील टांगत बसला. आई त्याला शेपटीकडून टांग, शेपटीकडून, असं शिकवत होती.

यंदा वाळू चांगली आहे. पाऊस ओसरल्यावर पालीच्या बाजूची बारीक वाळू आणून चाळली. तिच्यात शिंपल्याचा चुरा कमी असतो, म्हणून बॉल अडखळत नाही. होड्यांना चोपडतात तेच मुशी माशाचं तेल, पण या वेळी ते दोन दिवस उन्हात ठेवून मग घातलं. वास निम्म्याने जातो आणि कावळेही येत नाहीत. मग पायाने दाबायचं, टाचेने नाही, सगळ्या तळव्याने. पहाटे धुकं असतं, समोर दर्या दिसत नाही, नुसता ऐकू येतो. त्या धुक्यात वाळू सारखी करायला होलपासून गोणपाट ओढायला लागायचं, फिरत फिरत बाहेर, गोलावर गोल. कुठल्या गोलात आहोत ते कळेनासं होतं. सातव्या खळ्यावर पोचेपर्यंत देवळात मिसाची घंटा होते आणि धुकं विरतं. मागे बघावं तर सगळी गोलगोल वाळू उन्हात तांबूस झालेली. तुला सांगते, तेव्हा भूक, झोप, काही म्हणून आठवत नाही.

आता तू म्हणशील, बायला हे एवढं सगळं कसं ठाऊक? मार्क सांगतो की काय?

मार्क इथे नाही रे. तुझ्या जागी बदली म्हणून तू आपल्या चुलतभावाला ठेवून गेलास खरा, पण दोन पावसाळे झाले, तो बोटीवर खलाशी म्हणून गेला. जाताना म्हणाला, ज्युलियसला कळव. मी हो म्हटलं आणि कळवलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी मिळेपर्यंत आपणच झाडू मारू. दुसऱ्या दिवशी तेल घातलं. बाबा तुला शिकवायचे तेव्हा तेलाचा डबा डोक्यावर घेऊन कोण उभी असायची? मीच ना? माझ्याकडे बघून त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही, पण कान काही झाकून ठेवले नव्हते मी. महिन्याभरात वाटायला लागलं, कुणी मिळूच नये. तू पत्रांतून मार्कसाठी सूचना पाठवायचास, पाचव्यावर तेल कमी घाल, आठव्याची कड उचल. त्या सगळ्या मी पाळल्या. एक नाही पाळली, कारण तुझं चुकत होतं.

गावाला ठाऊक आहे. बायका आधी हसल्या, माझं लग्न मोडलं तेव्हा हसल्या होत्या तशाच, मग सवय झाली. क्लबाचे सेक्रेटरी होरमसजीशेठ घोडागाडीतून दुपारी येतात, सकाळी कोण राबतं ते त्यांनी कधी विचारलं नाही. पण गेल्या रविवारी होडी उशिरा लागली, तेल उशिरा आलं, आणि ते आले तेव्हा मी चौथ्या खळ्यावर गुडघ्यावर बसून कड दाबत होते. पदर खोचलेला, कोपरापर्यंत तेल. मेले मी, असं झालं. त्यांनी बॉल ठेवला, हलकेच मारला, आणि तो दहा पावलं सरळ जाऊन आत पडला. मग खाली बसून वाळूवरून बोट फिरवलं. म्हणाले, बाई, हा हात तुझ्या बापाचा हाय, दुसऱ्याला नाय यायचा. मला तिथेच रडू फुटलं. बाबा गेल्यापासून चार वर्षांत रडले नव्हते तेवढी रडले, आणि तेलाच्या हाताने डोळे पुसले ते चुरचुरून आणखी वाहायला लागले. शेठ बिचारे रुमाल पुढे करून उभे.

नंतर त्यांनी क्लबाची रीत सांगितली. जागा आपल्या घराण्याची, पण वहीत नाव तुझं. कमिटी बाईला आपणहून नेमणार नाही. तू परत आलास तर प्रश्नच नाही. तू नाही आलास, तर तुझ्या हातचं नाव चालतं. तू लिहून देशील ते नाव शेठ कमिटीपुढे ठेवतील आणि भांडतील. तसं शब्द देऊन गेलेत.

हे चौथं पत्र. पहिल्यात मी लिहिलं होतं, ये, आईसाठी ये. ती दर रविवारी मिसाहून परतताना वाटेवर थांबते, भाईंदरकडून गाडी येतेय का बघते, आणि मला सांगते, गुडगा दुकतो म्हून थांबलू. ते पत्र फाडलं. दुसऱ्यात लिहिलं, नवं मैदान चांगलं, तिथे तुझं नाव होईल, इथे वाळूत काय ठेवलंय? वाचून माझी मलाच शरम वाटली. तुझ्या भल्याचं सोंग होतं ते सगळं. तिसऱ्यात नुसतं हवापाणी लिहिलं, तेही चुलीत गेलं.

तर आता खरं ऐक. तू विचारलंस, दोन्हींत चांगलं कुठलं. जुनं चांगलं आहे, ज्युलियस. तुझ्या महाराजांच्या गवताहून शंभर पटीने. इथे आलास तर तू सुखात राहशील, आईचं वाटेवर थांबणं संपेल, हे मला लख्ख कळतंय, आणि तरी मी लिहितेय, जागेवर येऊ नकोस. नाताळाला ये, सणाला ये, आईला चार दिवस तिकडे घेऊन जा. पण होरमसजीशेठना पत्र लिही आणि त्यात माझं पूर्ण नाव घाल, चर्चच्या वहीत आहे तसं. आईचा राग मी सोसेन, तिला मीच सांगेन. मी मोठी, तुला आजवर देतच आले. मागायची सवय नाही, म्हणून अक्षर बिघडलंय. रागाव, शिव्या दे, हवं तर महिनाभर लिहू नकोस. पण जुनं मैदान मला दे.

तुझीच बाय,
मार्सेलिन