लाल झग्यातली पेशन्स

नॉर्थ ॲशबी, मॅसॅच्युसेट्स
३ ऑक्टोबर १९५६

चि. लिडियास,
हेस्टरआत्याचे अ. उ. आ.

तुला ओहायोतल्या एका छोट्या संग्रहालयात आमची चित्रातली पेशन्स भेटली, हे वाचता वाचता माझा ॲपल पाय करपला. तसाच खाल्ला. एकटीला कोण हसतंय?

लाल झगा, गळ्यात पोवळ्यांची माळ, हातात फूल. तीच ती, माझी पणजी लहानपणची. पणजीने ते चित्र माझ्या आईला दिलं आणि आईने माझ्या थोरल्या बहिणीला, इलेक्टाला. मी त्या चित्राखाली झोपायचे, त्याच्याशी गप्पा मारायचे. इलेक्टा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. तरी ती लग्न होऊन ओहायोला निघाली तेव्हा आईने ते रजईत गुंडाळून तिच्या पेटाऱ्यात ठेवलं. मी रडून विचारलं, तर ते तिचंच आहे, एवढंच म्हणाली. पुढे आम्हा बहिणींमध्ये नाताळची कार्डं तेवढी उरली, आणि मग इलेक्टाही गेली.

मरायच्या आधी एक हिवाळा तरी पेशन्स माझ्या भिंतीवर हवी गं. त्या लोकांना विचारून बघ. तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
हेस्टरआत्या


क्लीव्हलंड
१५ ऑक्टोबर १९५६

ती. हेस्टरआत्यास,
लिडियाचा सा. न. वि. वि.

करपलेलं खात जाऊ नकोस, मग पोट दुखतं म्हणून मलाच लिहितेस.

संग्रहालयाच्या मिस पॉमरॉय हिवाळ्यापुरतं चित्र द्यायला तयार आहेत. पण मुलगी कोण आणि चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, हे पक्कं हवं. इलेक्टाआत्या गेल्यावर तिचं सामान विकलं गेलं, त्यातून ते आलं, तिथवर जुळलं. घोडं अडलंय तुझ्या पणजीपाशी. मुलीच्या हातातलं फूल देठाशी मोडलेलं आहे, आणि त्या म्हणतात की त्या काळी असं फूल काढत ते मूल गेल्यावरच. आत्याची पणजी नव्वदीपर्यंत पाईप ओढत होती, असं मी ठणकावून सांगितलं. बाई हसल्याही नाहीत. गेलेल्या मुलीचं नाव पाठच्या मुलीला ठेवायची तेव्हा रीत होती, तुमच्यात आणखी एखादी पेशन्स होती का, असं त्यांनी विचारलं.

टेकडीवरच्या दफनभूमीत बघून येशील? शेजाऱ्यांना गाडीतून न्यायला सांग. हट्टाने चालत जाऊ नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
लिडिया


नॉर्थ ॲशबी
२४ ऑक्टोबर १९५६

चि. लिडियास,
अ. उ. आ.

चालतच गेले. गुडघा बोलतोय, बोलू दे.

पेशन्स दोन आहेत. पहिली तीन वर्षांची होऊन गेली, चित्रातली तीच. दुसरी तिच्या पाठची, ती आपली पाईपवाली. जरा पुढे रूथही दोन निघाल्या. माझी आई त्यातली दुसरी. मला याचा पत्ताही नव्हता. मग आईच्या दगडामागे गवतात बुडालेला एक लहानसा दगड दिसला. केसातल्या पिनेने शेवाळ खरवडलं. त्यावर इलेक्टा लिहिलंय. आमच्या इलेक्टाच्या आधी जन्मून वर्षाच्या आत गेलेली.

म्हणजे गेलेल्या बहिणीचं नाव जिच्या वाट्याला येई, तिला ते चित्र मिळे. आणि मी जन्मभर समजत आले की आईचा तिच्यावरच जास्त जीव. मला माझं नाव तरी नवं कोरं मिळालं होतं. इलेक्टाला हाक मारताना आईची नजर तिच्यावरून पलीकडे कुठेतरी जायची. सगळ्या आया थोरलीला अशीच हाक मारतात, असं मला वाटायचं. इलेक्टाला मात्र कळत असणार.

मिस पॉमरॉयना हे सगळं सांग, मुलीचं नाव लावू देत. चित्र पाठवू नका. ते मागत होते तेव्हाही मला खरी हवी होती ती इलेक्टा. तिला जवळ बसवून एकदा लेक्टी म्हणायचं होतं. तसं फक्त मीच म्हणायचे, आणि ते नाव तिच्याआधी कुणाचंच नव्हतं.

या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी,
हेस्टरआत्या