न लागलेला पिवळा दिवा

ताई,

तू बाबांची औषधं घेऊन येशील तेव्हा मी घरी नसेन. टेबलावर फडक्यात गुंडाळलेला डबा आहे, तो आपल्या गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर. पार गेलाय. तीन दिवस मी उगाच बॅटरी बदल, पंप उघड करत बसलो आणि वर तुझ्यावरच खेकसलो, की तूच गाडीची वाट लावलीस.

तू पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस, "किल्ली फिरवली तरी इंजिनाचा पिवळा दिवा लागतच नाही." मी शहाणपणा केला, "दिवा नाही म्हणजे बिघाड नाही." अगं, किल्ली फिरवली की तो क्षणभर तरी लागायलाच हवा. नाही लागला, म्हणजे सांगणाराच बंद पडलाय. गिऱ्हाइकांना हे मी रोज सांगतो, आणि तू म्हणालीस तर कानाआड केलं.

भंगारवाल्याकडे असाच दुसरा डबा शोधायला निघालो होतो. चपला घालताना तुझं कालचं बोलणं आठवलं, "बाबा दोन दिवस कसलीच कुरकुर करत नाहीत रे." त्यावरही मी म्हणालो होतो, "बरंच आहे की!"

तसाच आत बाबांपाशी गेलो. पाय सुजून टम्म झालेत, ओठ काळेनिळे पडलेत. विचारलं तर "ठीक आहे" एवढंच म्हणाले.

शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवून मी नाक्यावर टॅक्सी आणायला धावतोय. दवाखान्याचे कागद काढून ठेव. आणि ताई, बाबांशी बोलत राहा, त्यांना गप्प बसू देऊ नकोस.