बारीक चोचीवाल्यांची पंगत

ती. आत्यास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? औषध वेळेवर घेत असालच. (नसाल, हे मला माहीत आहे; पण विचारायची रीत आहे.) माझी प्रकृती उत्तम आहे. नोकरीची मात्र तोळामासा आहे, आणि त्याला कारण आपण.

आपण उन्हाळाभर या पक्षी-केंद्रावर माझ्याकडे राहिलात. आमचं काम मी तेव्हा समजावलं होतं, पण आपलं लक्ष खिडकीबाहेर होतं, म्हणून पुन्हा लिहितो. आम्ही माळावरचे पक्षी पकडतो, चोचीची जाडी मोजतो आणि सोडून देतो. दुष्काळात मऊ बिया आधी संपतात, कठीण तेवढ्या उरतात. जाड चोचीचे त्या फोडून खातात आणि जगतात, बारीक चोचीचे मरतात. जगलेल्यांची पिल्लं आईबापांवर जातात. एकाही पक्ष्याची चोच जन्मात बदलत नाही, पण पिढ्यांमागून पिढ्या थव्याची बदलते. हे डोळ्यांनी बघायला आमच्या प्रमुख बाईंनी या माळावर केस पांढरे केले. एवढा मोठा दुष्काळ त्यांना पहिल्यांदाच ‘मिळाला’ (शब्द त्यांचाच).

आपण गेल्यावर मोजणी झाली. जाळ्यात निघाले सगळे बारीक चोचीवाले, तेही गुबगुबीत! बाईंनी आधी माझ्या मोजण्याला दोष दिला, मग माझ्या चष्म्याला. शेवटी माळ्याला विचारलं, तेव्हा आपल्या स्वयंपाकघराच्या पायरीवरची पंगत उघडकीला आली. आपण बत्त्याने बिया फोडून घालत होता, एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण जाड चोचीचा कोणी आला की आपण ‘तुला येतं ना फोडता? मग हो बाजूला!’ म्हणून फडक्याने हाकलत होता. आत्या, कोणी जगायचं ते दुष्काळाने ठरवायचं होतं, ते आपण पदर खोचून ठरवलंत!

मी आपली बाजू मांडली. चोच मोजता, वजन घेता आणि ‘जेवलात का’ म्हणून विचारत नाही, हा आपला प्रश्नही सांगितला. बाईंनी मोजणीची वही मिटली. मग म्हणाल्या, ‘त्यांना स्पष्ट शब्दांत कळवा.’ तर कळवतो: यापुढे पक्ष्यांना एक दाणाही मिळणार नाही. मिळाला तर माझी नोकरी गेली समजा.

आपला नम्र,
भाचा

ता. क. बाई सहीपर्यंत वाचून गेल्या. आता खरं लिहितो. तू गेल्यापासून ते रोज पायरीवर येऊन बसतात आणि मी दार लावून घेतो. काल एक उडत नाही, चालत आला. मला बघवेना गं. हातोडीने फोडायला गेलो, तर निम्म्या बिया छताला लागल्या आणि उरलेल्यांचं पीठ झालं. पीठ ते खात नाहीत. तू किती जोर लावायचीस?

पुन्हा ता. क. हातोडीचा आवाज ऐकून बाई परत आल्या. म्हटलं, संपलं! त्यांनी पायरीकडे पाहिलं, खाली बसल्या, एक बी दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, ‘मारा.’ एवढी वर्षं वाट पाहिलेला दुष्काळ होता गं त्यांचा. उत्तर लवकर लिही, त्यांचा अंगठा फार सुजलाय.